ललिताबाई पवार

ज्ञातीच्या स्मरणिकेत ज्ञातीतील थोरांचीच चरित्रे यावीत, असा संकेत आहे. यंदा तो आम्ही बुद्ध्याच बाजूस ठेवीत आहो. आमच्या शिरगावातील घरांतून एका बाईंचे नाव खाष्ट सासूचे टोपणनाव म्हणून सर्रास घेतले जाते; त्या बाईंनी काय सोसले, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असते.

ललिताबाईंचा जन्म १९१६ साली येवल्यास, कापडाच्या व्यापाऱ्याच्या घरी झाला. माहेरचे नाव अंबा. बालवयातच त्या मूकपटांत आल्या. 'कैलाश' (१९३२) या मूकपटात त्यांनी भूमिका केली आणि त्याच्या निर्मितीतही वाटा उचलला. पुढे 'हिम्मत-ए-मर्दा'सारख्या, प्रतिष्ठितांनी नाके मुरडावीत अशा बोलपटांतून त्या नायिका म्हणून गाजल्या. टॉलस्टॉयच्या कादंबरीवरील 'दुनिया क्या है' हा बोलपट काढण्याचे धाडसही त्यांचेच.

१९४२ साली 'जंग-ए-आजादी'च्या चित्रीकरणात मास्टर भगवान यांनी त्यांना चपराक मारावयाची होती. ती इतक्या जोराने बसली की चेहऱ्यास पक्षाघात झाला. उपचार दीर्घकाळ चालले. डावा डोळा मात्र कायमचा अधू राहिला. वय अवघे सव्वीस! ज्या व्यवसायात चेहरा हेच भांडवल, तेथे नायिकेचे पद गेले. दुसरी एखादी घरी बसली असती. ललिताबाईंनी दुय्यम भूमिका पत्करल्या आणि तो बारीक झालेला डोळाच कामास लावला. 'रामशास्त्री'तील आनंदीबाई, शांताराम यांच्या 'दहेज'मधील सासू, या भूमिका पाहून प्रेक्षकांतील सुना दातओठ खात. चीड यावी, हीच त्या अभिनयाची पावती होती.

आमच्या मते मात्र त्यांचे खरे सामर्थ्य मायेच्या भूमिकांत दिसते. 'श्री ४२०'मधील केळेवाली आठवावी. किंवा 'अनाडी'तील मिसेस डिसा, जी एका दमात रागावते आणि त्याच दमात जेवूही घालते. या भूमिकेने त्यांना फिल्मफेअर पारितोषिक मिळवून दिले. १९६१ साली संगीत नाटक अकादमीनेही त्यांचा गौरव केला.

१९८७ साली दूरदर्शनवर 'रामायण' सुरू झाले, तेव्हा मंथरा झालेल्या ललिताबाई सत्तरी ओलांडून गेल्या होत्या. रविवारी सकाळी ज्या घरी संच असे तेथे शेजारपाजार जमे, आणि मंथरा दिसताच बायका बोटे मोडीत. २४ फेब्रुवारी १९९८ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.