गुर्लहोसूरचे अण्णासाहेब

सन १८४३ हे मराठी रंगभूमीच्या इतिहासात दोनदा लक्षात ठेवावे असे वर्ष आहे. त्या वर्षी नोव्हेंबरात सांगलीच्या राजवाड्यात विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ उभे केले आणि मराठी नाटकाचा जन्म झाला. त्याआधी काही महिने, ३१ मार्च रोजी, बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी बळवंत पांडुरंग किर्लोस्कर यांचा जन्म झाला होता. भाव्यांनी सुरू केलेल्या नाटकाला पुढे ज्यांनी गाते केले, ते हेच अण्णासाहेब.

‘गाते केले’ हा शब्दप्रयोग थोडा समजून घ्यावा लागेल, कारण गाणे भाव्यांच्या नाटकातही होतेच. पण ते गात असे सूत्रधार. तो एका बाजूला उभा राहून कथा पद्यातून सांगे आणि राम, रावण, सीता ही पात्रे आपापल्या समजुतीप्रमाणे त्यावर ऐनवेळी गद्य भाषण करीत. सीतेचे दुःख सीतेच्या कंठातून येत नसे. पुढे लिखित गद्याची ‘बुकिश’ नाटके आली, त्यांत भाषा सुधारली. मात्र गाणे जवळजवळ हद्दपार झाले. हे दोन प्रवाह एकत्र आणायला जो माणूस हवा होता, तो कवी हवा, गाणे जाणणारा हवा आणि नट तयार करणाराही हवा.

गुर्लहोसूरच्या परिसरात कानडी आणि मराठी या दोन्ही भाषा लहान मुलाच्या कानावर सारख्याच पडत. अण्णासाहेबांचे सुरुवातीचे शिक्षण या दोन्ही भाषांत घरीच झाले. पुढे धारवाड, कोल्हापूर आणि अखेर पुणे असा इंग्रजी शिक्षणाचा प्रवास घडला. पण पुण्यात अभ्यासापेक्षा नाटकमंडळ्यांच्या बिऱ्हाडी त्यांचे मन अधिक रमले. मंडळ्यांना पदे हवी असत आणि अण्णासाहेबांची लेखणी चालत असे. परीक्षेचे जे व्हायचे ते झाले. १८६६च्या सुमारास त्यांनी ‘भरतशास्त्रोत्तेजक मंडळी’ या नावाने स्वतःची नाटकमंडळीही काढून पाहिली. ती टिकली नाही.

घरच्या माणसांना याची चिंता वाटली असेल, तर त्यात नवल नाही. त्या काळी नाटक्या म्हणजे वाया गेलेला मुलगा. सुशिक्षित ब्राह्मण घरातील तरुणाने तोंडाला रंग लावावा, हे समाजाला पटण्यासारखे नव्हते. अण्णासाहेब बेळगावास शिक्षक झाले, काही काळ पोलीस खात्यात राहिले आणि नंतर रेव्हेन्यू कमिशनरच्या कचेरीत कारकुनीला लागले. बेळगावच्या मुक्कामात त्यांना एक विद्यार्थी मिळाला, गोविंद बल्लाळ देवल. शाळामास्तर म्हणून त्यांच्या हातून दुसरे काहीही झाले नसते, तरी एवढ्या एका गोष्टीसाठी मराठी रंगभूमीने त्या नोकरीचे आभार मानावेत. १८७३ मध्ये त्यांनी ‘शांकरदिग्जय’ हे गद्य नाटक लिहिले. त्यात अजून पुढचे किर्लोस्कर दिसत नाहीत.

१८८० मध्ये पुण्यात एका पारशी मंडळीने उर्दू ‘इंद्रसभा’चे प्रयोग केले. पात्रे स्वतः गात होती. अण्णासाहेबांनी हा खेळ पाहिला आणि असेच नाटक मराठीत का होऊ नये, या विचाराने त्यांना घेरले, असे रंगभूमीच्या इतिहासात सांगितले जाते. ‘इंद्रसभा’ने ठिणगी दिली हे खरे, परंतु दारू आधीच भरलेली होती. त्यांनी पारशी नाटकाची नक्कल केली नाही. ते थेट कालिदासाकडे गेले.

‘शाकुंतल’ची मराठी भाषांतरे त्याआधीही झाली होती. ती वाचण्यासाठी होती. अण्णासाहेबांना हवे होते ते गाण्यासाठी. मूळ श्लोकांच्या जागी त्यांनी पदे घातली, तीही दोनशेच्या आसपास. आजच्या रसिकाला हा आकडा अफाट वाटेल. मात्र ही पदे आखूड होती, संवादासारखी चटकन येऊन जाणारी. घोळवून, आलापून तासभर एकच पद गाण्याची प्रथा पुढच्या पिढीची. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्याच्या बुधवार पेठेतील आनंदोद्भव नाट्यगृहात पहिल्या चार अंकांचा प्रयोग झाला. मोरोबा वाघोलीकर दुष्यंत, शंकरराव मुजुमदार शकुंतला, बाळकोबा नाटेकर कण्व, आणि सूत्रधार स्वतः अण्णासाहेब. सदतीस वर्षांचा, संसारी, सरकारी नोकरीतला माणूस टाळ-मृदंगाच्या साथीने पुण्याच्या विद्वानांसमोर उभा राहिला. त्या रात्री प्रयोग पडला असता, तर अब्रूही गेली असती. प्रयोग असा गाजला, की विद्वानांना नाटकगृहात येण्यास संकोच वाटेनासा झाला.

त्यांच्या यशाचे मर्म चालींत आहे. छापील पुस्तकात पदाच्या डोक्यावर राग-तालाबरोबर ‘चाल’ म्हणून एखाद्या परिचित गीताचा निर्देश असे. त्या निर्देशांवरून नजर फिरवली, तर अण्णासाहेबांच्या कानांचा नकाशाच समोर येतो. कीर्तनातली साकी आणि दिंडी, अंजनीगीत, कामदा, लावणीची ठेवण, हिंदुस्थानी राग आणि त्यांच्या जोडीला लहानपणापासून ऐकलेल्या कानडी चाली. भाव्यांना स्फूर्ती मिळाली तीही कर्नाटकातून सांगलीस आलेल्या भागवत मंडळींच्या खेळातून. म्हणजे मराठी नाटकाच्या जन्माला आणि त्याच्या कंठालाही कानडी मुलुखाचा हात लागलेला आहे. सीमाभागातील वाचकाला हे सांगण्याची गरज नसावी, पण पुण्या-मुंबईच्या इतिहासकारांच्या लेखनात ते अनेकदा एका ओळीत उरकले जाते.

१८८२ मध्ये बडोद्याहून एक तरुण मंडळीत दाखल झाला, लक्ष्मण बापूजी ऊर्फ भाऊराव कोल्हटकर. रूप, गोड आणि पल्लेदार आवाज हे त्याने सोबत आणले. त्याच वर्षी १८ नोव्हेंबर रोजी पूर्णानंद नाट्यगृहात ‘सौभद्र’ प्रथम रंगभूमीवर आले आणि भाऊरावांची सुभद्रा घरोघर पोहोचली. येथे अण्णासाहेबांना कालिदासाचा आधार नव्हता. कथा महाभारताची, माणसे मात्र मराठी घरातली. बहिणीच्या लग्नावरून दोन भावांत पडलेला पेच, संन्याशाच्या वेषातला प्रियकर, वरून साळसूद दिसणारा आणि आतून सारी सूत्रे हलवणारा कृष्ण. या नाटकात खरा असा दुष्ट कोणी नाही, तरीही ते पाच अंक प्रेक्षकाला धरून ठेवते. ‘शाकुंतल’पेक्षा ‘सौभद्र’ श्रेष्ठ, असे म्हणण्याचे धाडस करावे असे वाटते ते यामुळेच. येथे पद कथा थांबवत नाही. रुसवा, मनधरणी, थट्टा हे सारे पदातूनच पुढे सरकते.

यानंतर ‘रामराज्यवियोग’. १८८४ मध्ये त्याचे तीन अंक रंगभूमीवर आले. त्यात सुभद्रेच्या भूमिकेने लाडके झालेले भाऊराव मंथरा झाले. गोड गळ्याच्या नटाला कुटिल दासीचे काम देणे, यात अण्णासाहेबांची नटाविषयीची जाण दिसते. उरलेले अंक मात्र लिहून झाले नाहीत. २ नोव्हेंबर १८८५ रोजी गुर्लहोसूर येथे त्यांचे निधन झाले. वय अवघे बेचाळीस. पहिल्या प्रयोगाला तेव्हा नुकतीच पाच वर्षे पूर्ण झाली होती.

मंडळी त्यांच्या मागे मोडली नाही. भाऊरावांनी ती गळ्याच्या बळावर पुढे नेली. बेळगावचे विद्यार्थी देवल यांनी १८९९ मध्ये तिला ‘शारदा’ दिले, आणि संगीत नाटक पुराणातून उठून बालाजरठ विवाहाच्या प्रश्नापर्यंत आले. भाऊराव १९०१ मध्ये गेले, तेव्हा पुन्हा पोकळी पडली. १९०५ मध्ये नारायणराव राजहंस, म्हणजे बालगंधर्व, आले आणि ती भरली. गोव्यातील मंगेशीचे दीनानाथ मंगेशकर बालवयात गाणे घेऊन दाखल झाले, तेही याच किर्लोस्कर नाटक मंडळीत.