बुडबुड्याचे गणित मांडणारे लॉर्ड रॅले

सोनोग्राफीच्या पडद्यावर यकृत आणि मूत्रपिंड राखाडी दिसतात, रक्तवाहिनी मात्र काळी. तिच्यातून रक्त वाहत असते, पण ते ध्वनिलहरी फारशा परत पाठवत नाही. असे का होते आणि तिथे उजेड कसा पाडायचा, या दोन्ही प्रश्नांची मुळे लॉर्ड रॅले यांच्या कामात आहेत. त्यांच्या हयातीत सोनोग्राफी नव्हतीच!

जॉन विल्यम स्ट्रट हे त्यांचे मूळ नाव. जन्म १८४२ मध्ये, इंग्लंडमधील एसेक्स परगण्यात. लहानपणी प्रकृती नाजूक, त्यामुळे शिक्षणात खंड पडत गेला. तरीही १८६५ मध्ये केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत ते पहिले आले. १८७१ मध्ये त्यांनी आकाश निळे का दिसते, हे गणिताने दाखवले. लहरीच्या लांबीपेक्षा कण फार लहान असेल, तर तो लहर अगदी थोडी विखुरतो. तांबडी रक्तपेशी जेमतेम सात-आठ मायक्रॉनची, सोनोग्राफीची लहर तिच्या कितीतरी पट लांब. म्हणून रक्त काळे दिसते.

१८७२ मध्ये त्यांना रुमॅटिक फिव्हर, म्हणजे संधिज्वर झाला. हृदयाच्या झडपा खराब करणारा हा आजार आपल्याकडे आजही दिसतो. प्रकृती सुधारावी म्हणून ते इजिप्तला गेले आणि नाईल नदीवरच्या बोटीत त्यांनी ध्वनिशास्त्रावरचा आपला मोठा ग्रंथ लिहायला घेतला. पुढे ते केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेचे प्रमुख झाले. आरगॉन वायूच्या शोधातील वाट्याबद्दल १९०४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले; ती रक्कम त्यांनी केंब्रिज विद्यापीठाला दिली.

बुडबुड्यांचे काम मात्र उतारवयातले. वेगाने फिरणाऱ्या पंख्यांभोवती पाण्यात पोकळ्या तयार होत आणि मिटताना धातूला खड्डे पाडत. जहाजांपुढची ही मोठी अडचण होती. १९१७ मध्ये, महायुद्ध चालू असताना, रॅले यांनी अशा गोल पोकळीचे गणित मांडले. ती मिटताना जवळच्या पाण्यात वातावरणाच्या हजाराहून अधिक पट दाब निर्माण होऊ शकतो, असे त्यातून निघाले. ३० जून १९१९ रोजी ते वारले.

पुढे प्लेसेट यांनी या समीकरणात भर घातली. १९६८ मध्ये ग्रॅमियाक आणि शाह यांनी हृदयाच्या तपासणीत रंगद्रव्य टोचताना पडद्यावर ढग उमटल्याचे नोंदवले. ते बारीक बुडबुडे होते. आज मेदाच्या पातळ कवचात जड वायू भरलेले दोन-तीन मायक्रॉनचे सूक्ष्मबुडबुडे शिरेतून देतात. केशवाहिन्यांतूनही ते सहज जातात.

ध्वनिलहरीचा दाब वाढला की बुडबुडा आकसतो, कमी झाला की फुगतो. या आकाराच्या बुडबुड्याची स्वाभाविक कंपने सोनोग्राफीच्या कंपनांशी जुळतात, म्हणून तो जोरात थरथरतो. आकसणे आणि फुगणे सारखे नसल्याने मूळ कंपनसंख्येच्या दुप्पट कंपनांचा आवाजही परत येतो. यंत्र तो वेगळा ओळखते आणि रक्त उजळून दिसते. लहर तीव्र केली, तर बुडबुडे फुटतात. हृदयाच्या स्नायूतील बुडबुडे असे फोडून नवे किती वेगाने भरतात, त्यावरून रक्तपुरवठा समजतो. मात्र दाब फार वाढवला, तर नाजूक केशवाहिनीला इजा होऊ शकते. म्हणून मर्यादा पाळावीच लागते.

यातला वायू काही मिनिटांत श्वासावाटे बाहेर पडतो. मूत्रपिंडावर भार येत नाही, त्यामुळे ज्यांना सीटी स्कॅनचे आयोडिनयुक्त औषध देणे जोखमीचे असते, त्यांना हा पर्याय उपयोगी पडतो. क्वचित तीव्र ॲलर्जी होऊ शकते; म्हणून आधीची ॲलर्जी आणि हृदयविकार डॉक्टरांना जरूर सांगा आणि तपासणीनंतर थोडा वेळ तिथेच थांबा.

जहाजाचा पंखा कुरतडणारी ताकद आज रुग्णाच्या रक्तवाहिनीत उपयोगी पडते आहे. ती किती वापरायची, हे ठरवण्याचा पाया रॅले यांच्या गणिताने घातला.