चार्ल्स पार्सन्स आणि निसटते पाणी

आयर्लंडमधील बर येथे, पित्याच्या प्रचंड दुर्बिणीच्या छायेत चार्ल्स पार्सन्स (जन्म १८५४) वाढले. केंब्रिजचे शिक्षण संपवून हा सरदारपुत्र न्यूकॅसलच्या कारखान्यात उमेदवारीस राहिला. तेलाने माखलेल्या हातांचा त्याला विटाळ वाटला नाही, हे मला विशेष वाटते. १८८४ साली त्यांनी वाफेचे टर्बाइन सिद्ध केले.

१८९४ मध्ये ते टर्बाइन त्यांनी सुमारे १०० फूट लांबीच्या टर्बिनिया नौकेवर बसविले. परंतु नौका ताशी २० सागरी मैलांपलीकडे जाईना!

मळसूत्र लाकडात एका फेऱ्यात एक आटा पुढे सरकते. पाणी मात्र मागे हटते, म्हणून नौकेचा पंखा हिशेबापेक्षा कमी पुढे जातो. या तुटीस स्लिप म्हणतात. थोडी स्लिप हवीच; पाणी मागे लोटल्यावाचून नौका पुढे जाणार कशी? येथे मात्र ती बेसुमार होती. पार्सन्सनी हौदात लहानसा पंखा फिरवून लुकलुकत्या प्रकाशात निरखिला. अतिवेगाने फिरणाऱ्या पात्यांच्या पाठीशी दाब इतका घटे, की तेथे पाण्याची वाफ होऊन पोकळ्या बनत आणि पात्यांची पकड सुटे.

मग त्यांनी एका दांड्याऐवजी तीन दांडे घातले व प्रत्येकावर तीन पंखे चढविले. भार नऊ पंख्यांत वाटला गेला. २६ जून १८९७ रोजी स्पिटहेड येथील आरमारी संचलनात टर्बिनिया आमंत्रणावाचून शिरली. आरमाराच्या गस्ती नौकांना ती सापडेना. तिचा वेग ३४ सागरी मैलांवर गेला होता.

१९०६ साली ड्रेडनॉट ही युद्धनौका टर्बाइनवरच चालली. पार्सन्स १९३१ मध्ये सागरप्रवासातच निवर्तले. टर्बिनिया न्यूकॅसलच्या संग्रहालयात जपून ठेविली आहे.