राक्षसभुवन आणि 'स्वामी'कार

बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यातील राक्षसभुवन हे गोदाकाठचे गाव भाविकांना शनीच्या देवस्थानामुळे ठाऊक आहे. इतिहासाच्या वाचकांना १० ऑगस्ट १७६३ च्या लढाईमुळे. त्याच वर्षी पुणे जाळणाऱ्या निजामअलीची काही फौज नदीपार झाली असता दक्षिणतीरी राहिलेला त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर मराठ्यांच्या हल्ल्यात मारला गेला, आणि अठरा वर्षांच्या माधवराव पेशव्याचे कर्तृत्व सर्वांना मान्य करावे लागले. हा वृत्तान्त इतिहासग्रंथांतून होताच. परंतु माधवराव मध्यमवर्गीय घराघरांत पोचले ते १९६२ साली, कै. रणजित देसाई यांच्या 'स्वामी'मुळे.

देसायांचा जन्म ८ एप्रिल १९२८ चा, कोल्हापूर जिल्ह्यातील कोवाड या गावी, जमीनदार घराण्यात. लौकिक वाढल्यावरही त्यांनी गाव सोडले नाही, ही गोष्ट आम्हांस विशेष वाटते. ज्या वर्षी 'स्वामी' निघाली त्याच वर्षी त्यांच्या पटकथेवरील 'रंगल्या रात्री अशा' पडद्यावर आला. १९६४ साली 'सवाल माझा ऐका' आला आणि 'स्वामी'ला साहित्य अकादमीचा पुरस्कारही मिळाला. पटकथाकाराची दृष्टी त्यांच्या कादंबऱ्यांत जागोजाग दिसते. प्रसंग डोळ्यांपुढे उभा राहतो, संवाद कानांत घुमतो. मात्र महसूल, कर्ज, फौजेचा खर्च या रुक्ष बाबी मागे पडतात. थेऊरला २७ व्या वर्षी क्षयाने मरणारा पेशवा आणि सती जाणारी रमाबाई वाचकांच्या स्मरणात राहिली. राज्यावरील कर्जाशी झगडणारा कारभारी तितका राहिला नाही. हा दोष किरकोळ आहे असे आम्ही म्हणणार नाही, कारण आपल्याकडे कादंबरीच इतिहास म्हणून वाचली जाते.

तथापि देसायांना या आक्षेपाची भीती नव्हती. 'श्रीमान योगी'ला त्यांनी प्रस्तावना घेतली ती नांदेडच्या नरहर कुरुंदकरांची. शिवचरित्रातील अवघड प्रश्न निर्ममपणे तपासणारे ते दीर्घ विवेचन वाचून कादंबरीकडे वळणारा वाचक अधिक चिकित्सक होतो, आणि कादंबरी काही ठिकाणी त्याला अपुरीही वाटते. आपल्याच ग्रंथाच्या दारात असा परीक्षक बसविणारे लेखक मराठीत किती निघतील?

१९७३ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ६ मार्च १९९२ रोजी ते निवर्तले. 'राजा रविवर्मा'वरील केतन मेहतांचा चित्रपट मात्र त्यांना पाहता आला नाही.