फ्लॉरेन्स नाइटिंगेल आणि त्यांची मांजरे

मुलांनो, हातात दिवा घेऊन रात्री रुग्णांच्या खाटांमधून फिरणाऱ्या एका स्त्रीचे चित्र तुम्ही पाहिले असेल. तिचे नाव फ्लॉरेन्स नाइटिंगेल. रुग्णांची शुश्रूषा करणाऱ्या स्त्रीला मराठीत परिचारिका म्हणतात. बोलताना आपण तिला नर्स म्हणतो. दिव्याचे हे चित्र फ्लॉरेन्स यांच्या आयुष्यातील जेमतेम पावणेदोन वर्षांचे आहे. त्यानंतर त्या ५० हून अधिक वर्षे जगल्या. त्यांपैकी कितीतरी वर्षे त्या स्वतःच आजारी होत्या. त्या काळात त्यांच्या सोबतीला खोडकर मांजरे असत. आज आपण त्या वर्षांची हकिकत वाचू या.

फ्लॉरेन्सचा जन्म १२ मे १८२० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स या शहरात झाला. शहराचेच नाव आईवडिलांनी मुलीला दिले. घराणे इंग्रज आणि श्रीमंत होते. वडिलांनी तिला घरीच ग्रीक, लॅटिन, इतिहास आणि गणित शिकवले. आकडेमोडीची तिला फार गोडी होती. मोठी झाल्यावर तिने परिचारिका होण्याची इच्छा सांगितली, तेव्हा घरात मोठा विरोध झाला. त्या काळी इंग्लंडमध्ये या कामाला मान नव्हता. बड्या घरातील मुलीने ते करावे हे कोणालाच पटेना. पण फ्लॉरेन्सने आपला हट्ट सोडला नाही. १८५१ साली जर्मनीतील कैसरवर्थ येथे तिने शिक्षण घेतले. १८५३ साली लंडनमधील स्त्रियांच्या एका लहान रुग्णालयाची व्यवस्था तिच्याकडे आली.

मुक्या जीवांचा लळा तिला आधीपासूनच होता. १८५० साली ग्रीस देशातील अथेन्स शहरात काही मुले घुबडाच्या एका पिल्लाला छळत होती. फ्लॉरेन्सने ते पिल्लू सोडवले आणि त्याचे नाव अथेना ठेवले. ती त्याला खिशात घालून फिरे. पुढे युद्धावर जाण्याच्या धांदलीत त्याच्याकडे लक्ष देणे कोणाला जमले नाही आणि ते मेले. फ्लॉरेन्सला त्याचे फार दुःख झाले.

हे युद्ध म्हणजे क्रिमियाचे युद्ध. एका बाजूला रशिया आणि दुसऱ्या बाजूला तुर्कस्तान, इंग्लंड व फ्रान्स असे हे युद्ध १८५३ ते १८५६ या काळात झाले. इस्तंबूल शहरासमोर, बोस्फरसच्या पलीकडे, तेव्हा उस्कुदार हे गाव होते. तेथील तुर्की लष्कराची एक प्रचंड बराक इंग्रजांना रुग्णालयासाठी दिली होती. नोव्हेंबर १८५४ मध्ये फ्लॉरेन्स ३८ परिचारिकांसह तेथे पोहोचल्या. जखमी सैनिक जमिनीवर पडलेले होते. कपडे, साबण, औषधे, सगळ्यांचीच टंचाई होती. इमारतीखालची गटारे तुंबलेली होती. फेब्रुवारी १८५५ मध्ये तर दाखल झालेल्या दर १०० रुग्णांमागे ४२ मरत होते. मार्चमध्ये सरकारने पाठवलेल्या पथकाने गटारे साफ केली, खोल्यांत हवा खेळती केली आणि मृत्यू झपाट्याने कमी झाले. तुर्कस्तानचे सुलतान अब्दुल मजीद यांनी फ्लॉरेन्स यांच्या सेवेची कदर म्हणून त्यांना रत्नजडित कंकण भेट दिले.

याच काळात मे १८५५ मध्ये त्या आघाडीवरची रुग्णालये पाहण्यासाठी क्रिमियात गेल्या आणि तापाने फणफणल्या. काही दिवस त्यांच्या जगण्याची आशा नव्हती. त्या वाचल्या, पुन्हा कामाला लागल्या. पण त्या तापाने त्यांची पाठ सोडली नाही. हा ताप ब्रुसेलोसिस नावाच्या रोगाचा असावा, असे आज अनेक अभ्यासक मानतात. हा रोग जनावरांकडून, विशेषतः शेळ्यांच्या न उकळलेल्या दुधातून, माणसाला होऊ शकतो. तो जुना झाला की ताप येतो आणि जातो. सांधे व पाठीचा कणा दुखतो. थकवा येतो आणि मन उदास होते. त्याचे जंतू डेव्हिड ब्रूस या डॉक्टरांनी १८८७ साली माल्टा बेटावर शोधून काढले. आज त्यावर औषधे आहेत. फ्लॉरेन्स आजारी पडल्या तेव्हा त्यांतले काहीच नव्हते.

१८५६ च्या ऑगस्टमध्ये त्या मायदेशी परतल्या. युद्धातील मृत्यूंचे आकडे मांडून पाहिल्यावर त्या हादरून गेल्या. गोळ्यांनी मेलेल्यांपेक्षा रोगाने मेलेल्यांची संख्या कितीतरी अधिक होती. घाण, गर्दी आणि दूषित पाणी यांनी हे सैनिक मेले होते. ते वाचू शकले असते. ही खंत त्यांना स्वस्थ बसू देईना. त्या रात्रंदिवस काम करू लागल्या आणि ऑगस्ट १८५७ मध्ये पार कोसळल्या. तेव्हा त्यांचे वय अवघे ३७ वर्षांचे होते. आपण आता फार दिवस जगणार नाही असे त्यांना वाटले. आपल्यामागे काय करावे हेही त्यांनी लिहून ठेवले.

मुलांनो, येथून त्यांची खरी कसोटी सुरू झाली. मरणही येईना आणि आजारही बरा होईना. पलंगावरून उठले की छाती धडधडे. कोणाशी थोडा वेळ बोलले तरी दम लागे. १८६१ च्या अखेरीस दुखणे इतके वाढले, की त्यांना चालता येईना. त्यांना उचलून एका खोलीतून दुसऱ्या खोलीत न्यावे लागे. पाठीच्या असह्य वेदना पुढे कित्येक वर्षे टिकल्या. हे दुखणे डोळ्यांना दिसत नव्हते. त्यामुळे काही लोकांना ते नुसते निमित्त वाटे.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, अशी आपल्याकडे म्हण आहे. फ्लॉरेन्स यांनी आपल्या शक्तीचा हिशेब असाच ठेवला. समारंभ, मेजवान्या आणि भेटीगाठी त्यांनी सोडून दिल्या. आधी वेळ ठरवल्याशिवाय त्या कोणालाही भेटत नसत. एका वेळी एकच पाहुणा आत येई. मोठमोठ्या मंत्र्यांनाही हाच नियम होता. जी थोडी शक्ती उरे, ती सगळी त्या लिहिण्यात घालवत.

या नियमातून सूट होती ती फक्त मांजरांना. मांजर वेळ ठरवून येत नाही आणि जा म्हटले तरी जात नाही. फ्लॉरेन्स यांनी आयुष्यभरात सुमारे ६० मांजरे पाळली, असे सांगतात. त्यांत लांब केसांची इराणी मांजरे त्यांना विशेष प्रिय होती. पॅरिसमध्ये राहणारी त्यांची मैत्रीण मेरी मोल हीसुद्धा मांजरवेडी होती. दोघींच्या पत्रांत मांजरांचे विषय असत. फ्लॉरेन्स मांजरांना नावे ठेवत ती मोठ्या राजकारणी पुरुषांची. एकाचे नाव ग्लॅडस्टन, दुसऱ्याचे डिझरायली. हे दोघे इंग्लंडचे पंतप्रधान होते आणि एकमेकांचे कट्टर विरोधक होते. जर्मनीच्या चान्सेलरचे नाव मिळालेला बिस्मार्क हा बोका त्यांचा फार लाडका होता. मांजरांच्या खाण्यापिण्यावर त्यांचे बारीक लक्ष असे. पिल्लू कोणाला दिले, तर त्याला कसे सांभाळावे याच्या सूचनाही त्या लिहून देत.

पलंगावर कागदांचा पसारा असे. शाईची दौत जवळच असे. अशा ठिकाणी मांजर आले की काय होणार, हे तुम्हांला सांगायला नकोच. मांजरे खुशाल कागदांवरून चालत. सैन्याच्या आरोग्यावरील गंभीर मजकूर असो की मित्राला लिहिलेले पत्र असो, त्यावर शाईने भरलेल्या पंजांचे ठसे उमटत. जपून ठेवलेल्या त्यांच्या काही कागदांवर हे ठसे आजही दिसतात.

असा त्रास त्यांनी का सोसला असेल? १८५९ साली प्रसिद्ध झालेल्या शुश्रूषेवरील आपल्या पुस्तकात त्यांनी याचे उत्तर लिहून ठेवले आहे. दीर्घकाळ आजारी असलेल्या माणसाला लहानसा पाळीव प्राणी चांगली सोबत देतो, असे त्यांचे मत होते. वर्षानुवर्षे एकाच खोलीत पडून राहणाऱ्याला त्याच त्या भिंती खायला उठतात. भेटायला येणारा माणूस प्रकृतीची चौकशी करतो आणि उपदेशही करतो. त्याच्याशी बोलावे लागते. बोलण्यानेच ज्यांना दम लागतो, त्यांना असा प्रेमळ माणूसही थकवतो. मांजर काही विचारत नाही. ते कुशीत शिरून निजते, नाहीतर खोडी काढून हसवते.

अर्थात, फ्लॉरेन्स यांचा स्वभाव नेहमीच मऊ नव्हता. सिडनी हर्बर्ट हे मंत्री त्यांचे जिवलग मित्र आणि कामातील सोबती होते. मूत्रपिंडाच्या विकाराने ते खंगत चालले होते. तरीही फ्लॉरेन्स त्यांना काम पुढे रेटायला सांगत राहिल्या. ऑगस्ट १८६१ मध्ये हर्बर्ट वारले. तेव्हा त्यांना अतोनात दुःख झाले. मांजरांच्या खोड्या सोसणाऱ्या फ्लॉरेन्स माणसांच्या बाबतीत अशा कठोर होत असत.

पलंगावरूनच त्यांनी केवढी कामे केली! १८६० साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांच्या नावाने परिचारिकांची शाळा निघाली. आपल्या देशाशीही त्यांचे नाते जडले. मुंबई, मद्रास आणि बंगाल या इलाख्यांतील लष्करी छावण्यांतून त्यांनी पाणी, गटारे आणि रोग यांची माहिती मागवली. छावण्यांची उत्तरे गाड्या भरून आली. त्या काळी हिंदुस्थानातील गोऱ्या सैनिकांपैकी दर हजारी ६९ जण दरवर्षी मरत. सुधारणा झाल्यावर १८७३ साली हा आकडा १८ वर आल्याचे त्यांनी दाखवून दिले. पुढे खेड्यांतील रयतेचे आरोग्य आणि दुष्काळ यांकडे त्यांचे लक्ष वळले. दादाभाई नौरोजी यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार होता. मुंबईचे समाजसुधारक बेहरामजी मलबारी यांच्या चरित्राला १८९२ साली त्यांनी प्रस्तावना लिहिली. हिंदुस्थान मात्र त्यांनी कधी पाहिला नाही. प्रकृतीने त्यांना तो प्रवास करू दिला नाही.

उतारवयात त्यांच्या वेदना कमी झाल्या. पण दृष्टी गेली. १९०७ साली ऑर्डर ऑफ मेरिट हा मोठा सन्मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या. १३ ऑगस्ट १९१० रोजी वयाच्या ९० व्या वर्षी झोपेतच त्यांना मृत्यू आला. त्यांच्या थडग्यावर नावाची दोन अक्षरे आणि जन्ममृत्यूची नोंद एवढेच कोरलेले आहे. त्यांचा जन्मदिवस, १२ मे, जगभर परिचारिका दिन म्हणून पाळतात.

मुलांनो, तुमच्या घरात किंवा मोहल्ल्यात दमा, मधुमेह किंवा संधिवाताने वर्षानुवर्षे त्रासलेले कोणी तरी असेल. त्यांचे दुखणे दिसत नाही म्हणून ते खोटे समजू नका. त्यांच्याजवळ जरा वेळ बसा. गप्प बसलात तरी चालेल. फ्लॉरेन्स यांच्या मांजरांनी दुसरे काय केले होते?

स्वाध्याय

१. फ्लॉरेन्स यांना कोणता आजार झाला असावा? तो कशातून होऊ शकतो?
२. फ्लॉरेन्स यांनी भेटीचे कोणते नियम केले होते? ते का केले?
३. दीर्घकाळ आजारी असलेल्या माणसाला पाळीव प्राण्याची सोबत का बरी वाटते?
४. वाक्यात उपयोग करा : पाठ न सोडणे, खायला उठणे, लळा असणे.
५. तुमच्या घरातील किंवा शेजारच्या मांजराच्या खोड्यांविषयी पाच वाक्ये लिहा.