आधी रस्ता पायी चाललेली एलिश्का

महबूलात दोन मराठी कुटुंबं भेटली की मुलांच्या शाळेनंतरचा विषय ठरलेला असतो, ड्रायव्हिंग लायसन्स. माझी बायको सध्या गाडी शिकतेय. फहाहील एक्स्प्रेसवेवर गाडी काढायची म्हटलं की तिच्या पोटात गोळा येतो. परवा तिला एलिश्का युन्कोवाची गोष्ट सांगितली, तीच आज इथे लिहितोय.

एलिश्काचा जन्म १६ नोव्हेंबर १९०० रोजी ओलोमोउत्सचा. आज हे गाव चेक प्रजासत्ताकात आहे. वडील लोहारकाम करायचे, घरात भावंडं बरीच. ती भाषा शिकली आणि सोळाव्या वर्षी बँकेत कामाला लागली. तिथेच चेन्येक युनेक भेटला. त्याला मोटारींचं भयंकर वेड. १९२२ मध्ये दोघांचं लग्न झालं.

सुरुवातीला ती नवऱ्याच्या शेजारी मेकॅनिक म्हणून बसायची. पहिल्या महायुद्धात चेन्येकच्या हाताला इजा झाली होती, गिअर टाकताना त्याला त्रास व्हायचा. म्हणून एलिश्का गुपचूप ड्रायव्हिंग शिकली. १९२४ मध्ये लोखोतीन-त्रेमोशना ही पहिलीच मोठी शर्यत, आणि तिने आपला गट जिंकला! देशभर नाव झालं. मग जोडप्याने आणखी एक बुगाटी घेतली, खुद्द एत्तोरे बुगाटींशी मैत्री जमली. १९२६ मध्ये स्वित्झर्लंडच्या क्लाउसेन घाटातल्या शर्यतीत ती आपल्या गटात दुसरी आली. १९२७ मध्ये जर्मन ग्रांप्रीतला दोन लिटरचा गट तिने जिंकला.

पण तिची खरी परीक्षा होती सिसिलीतली तार्गा फ्लोरिओ. डोंगरातला कच्चा रस्ता, एक फेरी १०८ किलोमीटरची आणि अशा पाच फेऱ्या. १९२७ मध्ये सुरुवात झकास झाली, पण गाडी रस्त्याबाहेर गेली आणि शर्यत तिथेच संपली.

पुढच्या वर्षी तिने काय केलं? शर्यतीआधी तिथे जाऊन ती त्या रस्त्यावर पायी फिरली. कुठलं वळण किती तीव्र आहे, त्याच्या आधी कोणतं झाड, कोणता दगड, कोणतं घर दिसतं, या खुणा तिने डोक्यात पक्क्या बसवल्या. असा अभ्यास करणाऱ्या पहिल्या काही ड्रायव्हरांत तिची गणना होते. आम्ही सॉफ्टवेअरवाले त्याला टेस्टिंग म्हणतो आणि घाईत नेमकं तेच टाळतो.

६ मे १९२८. बुगाटी ३५बी घेऊन ती उतरली. समोर दिवो, काम्पारी, नुवोलारी असे नावाजलेले पुरुष. दुसऱ्या फेरीअखेर वेळेच्या हिशेबात एलिश्का सगळ्यांच्या पुढे होती! शेवटी पाण्याच्या पंपाने दगा दिला, इंजिन तापायला लागलं, तरी तिने गाडी जपून आणली आणि पाचवा नंबर मिळवला.

त्यानंतर जेमतेम दोन महिने गेले. १५ जुलैला न्युरबुर्गरिंगवर जर्मन ग्रांप्री होती. नवरा-बायको एकच गाडी आळीपाळीने चालवणार होते. चेन्येक चाकावर असताना अपघात झाला आणि तो गेला. एलिश्काने शर्यतीच्या गाड्या विकल्या आणि पुन्हा कधीच शर्यत केली नाही. ती तेव्हा अवघी २७ वर्षांची होती. म्हणजे पहिल्या विजयापासून शेवटापर्यंत सगळी कारकीर्द चारेक वर्षांची.

ती खचली असेल, पण घरात बसून राहिली नाही. बुगाटींनी सिलोनच्या प्रवासासाठी तिला नवी गाडी दिली, आशियात धंद्याच्या संधी शोधायचं काम दिलं. नोकरीसाठी समुद्र ओलांडणाऱ्या आपल्यासारख्यांना त्यातलं धाडस वेगळं सांगायला नको. पुढे तिने दुसरं लग्न केलं, कम्युनिस्ट राजवटीचा काळ काढला, आठवणींचं पुस्तक लिहिलं. जानेवारी १९९४ मध्ये, वयाच्या ९३व्या वर्षी ती गेली.

ती निर्भय होती असं मला वाटत नाही. तिने भीतीचा अभ्यास केला, एवढंच.

गेल्या शुक्रवारी सकाळी रस्ता मोकळा असताना मी गाडी चालवत होतो. बायको शेजारी वही घेऊन बसली होती. कुठल्या एक्झिटच्या आधी कोणती खूण येते, ते लिहून घेत होती.