डॉ. विल्यम कोली : तापाचा माग काढणारे शल्यविशारद

तुमच्यापैकी बहुतेकांच्या डाव्या दंडावर बीसीजीच्या लशीचा बारीकसा व्रण असेल. ही लस क्षयरोगापासून बचावासाठी देतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. पण हीच लस मूत्राशयाच्या एका प्रकारच्या कर्करोगावर औषध म्हणूनही वापरली जाते, हे फार थोड्यांना माहीत असते. जंतूंची लस आणि कर्करोग यांचा काय संबंध? त्या संबंधाचा चिकाटीने पाठपुरावा केला तो न्यूयॉर्कच्या एका शल्यविशारदाने, तोही १८९१ साली. त्यांचे नाव डॉ. विल्यम ब्रॅडली कोली.

कोली यांचा जन्म १२ जानेवारी १८६२ रोजी अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात वेस्टपोर्ट येथे झाला. १८८४ मध्ये येल विद्यापीठाची पदवी घेतल्यावर त्यांनी दोन वर्षे देशाच्या दुसऱ्या टोकाला, पोर्टलंड येथे, शाळेत लॅटिन आणि ग्रीक शिकविले. म्हणजे ते आधी शिक्षक होते आणि मग डॉक्टर झाले! १८८८ मध्ये हार्वर्डमधून वैद्यकीय पदवी घेऊन ते न्यूयॉर्कला आले. हुशार, हात कुशल, पुढे नाव काढणार असे सगळ्यांनाच वाटत होते.

१८९० च्या शरद ऋतूत त्यांच्याकडे बेसी डॅशील नावाची सतरा वर्षांची मुलगी आली. उन्हाळ्यात आगगाडीच्या लांबच्या प्रवासात तिचा हात आसनाच्या फटीत चेमटला होता. साधी दुखापत, पण सूज उतरेना, वेदना थांबेनात. तपासणीत निघाला सार्कोमा, म्हणजे हाडे व स्नायू यांसारख्या ऊतींमध्ये होणारा कर्करोग. कोली यांनी कोपराच्या खालून तिचा हात कापला. त्या काळी याहून वेगळे काही करता येत नव्हते. तरीही रोग अंगभर पसरला आणि २३ जानेवारी १८९१ रोजी बेसी गेली. कोली त्या वेळी जेमतेम एकोणतीस वर्षांचे होते. आपण पुस्तकात लिहिलेले सर्व काही केले आणि त्याचा काडीइतकाही उपयोग झाला नाही, ही गोष्ट त्यांच्या मनातून जाईना.

दुसरा कोणी असता तर पुढच्या रुग्णाकडे वळला असता. कोली रुग्णालयाच्या दप्तरखान्यात जाऊन बसले. सार्कोमाच्या जुन्या नोंदी ते एकामागून एक वाचीत गेले. त्यात त्यांना फ्रेड स्टाइन या जर्मन स्थलांतरिताची नोंद सापडली. त्याच्या मानेवरची गाठ अनेकदा कापूनही पुन्हा पुन्हा वाढत होती आणि डॉक्टरांनी आशा सोडली होती. त्यातच जखमेत जंतू जाऊन त्याला विसर्प झाला. आपल्याकडे जुनी माणसे या रोगाला धावरे म्हणत. त्वचा लालभडक होते, सणसणून ताप येतो. प्रतिजैविके नसलेल्या त्या काळात धावऱ्याने माणसे दगावत. स्टाइन मात्र वाचला, आणि तापाबरोबर गाठही विरून गेली. तो घरी गेला आणि नोंद तिथेच संपली.

तो माणूस पुढे जगला की नाही? हे शोधण्यासाठी कोली न्यूयॉर्कच्या गरीब वस्त्यांमधल्या चाळींचे जिने चढत-उतरत राहिले. अखेर १८९१ मध्ये स्टाइन सापडला. मानेवर मोठा व्रण, पण प्रकृती ठणठणीत! इतक्या वर्षांत गाठ परतली नव्हती.

मग त्यांनी जे केले ते आज कोणाला करू दिले जाणार नाही. झोला नावाच्या एका इटालियन रुग्णाच्या घशात आणि मानेत गाठी होत्या. त्याला गिळणेही कठीण झाले होते. कोली यांनी त्याला मुद्दाम धावऱ्याचे जंतू टोचायला सुरुवात केली. बरेच महिने नीट संसर्गच होईना. शेवटी रॉबर्ट कॉख यांच्या बर्लिनच्या प्रयोगशाळेतून आणलेले जहाल जंतू वापरले. ताप १०५ अंशांवर गेला, झोला मरता मरता वाचला, पण मानेची गाठ फुटून वितळू लागली आणि दोन आठवड्यांत नाहीशी झाली. तो पुढे सुमारे आठ वर्षे जगला.

पण या प्रयोगांत दोन रुग्ण गाठीने नव्हे, तर टोचलेल्या जंतूंनीच दगावले. येथे कोली यांचे मोठेपण मला अधिक दिसते. त्यांनी हे मृत्यू लपविले नाहीत, आणि तोच उपाय रेटतही बसले नाहीत. त्यांनी जिवंत जंतू सोडून दिले आणि दोन जातींचे मेलेले जंतू व त्यांची विषे यांचे मिश्रण तयार केले. पुढे ते ‘कोली यांची विषे’ या नावाने ओळखले गेले. जानेवारी १८९३ मध्ये पोटात भलीमोठी गाठ असलेल्या एका तरुणाला ते प्रथम देण्यात आले. गाठ हळूहळू आटली आणि तो त्यानंतर सव्वीस वर्षे जगून हृदयविकाराने वारला.

१८९९ पासून पार्क-डेव्हिस ही कंपनी हे औषध बनवू लागली. चार दशकांत कोली यांनी स्वतः सुमारे हजार रुग्णांवर हा उपचार केला. काही बरे झाले, पुष्कळ झाले नाहीत. मिश्रण दर वेळी सारखे नसे, मात्रा बदलत असे, नोंदी अपुऱ्या राहत. टीकाकारांचे म्हणणे सगळेच काही मत्सराचे नव्हते. त्यातच १८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लागला, मागोमाग रेडियम आले. त्यांचा परिणाम मोजता येत होता आणि कारणही सांगता येत होते. न्यूयॉर्कच्या मेमोरियल रुग्णालयात कोली यांच्याबरोबर काम करणारे नामांकित विकृतिशास्त्रज्ञ जेम्स यूइंग किरणोपचाराचे खंदे पुरस्कर्ते आणि या विषांचे कट्टर विरोधक होते. गाठ का विरते, असे कोणी विचारले की कोली यांच्याजवळ पटेल असे उत्तर नसे. १६ एप्रिल १९३६ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हाही ते मिळालेले नव्हते.

ते उत्तर आपल्या रक्तात आणि लसिका ग्रंथींमध्ये होते. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येते, हा अनुभव तुम्हाला असेलच. फुगते ती लसिका ग्रंथी. पहारेकरी पेशी जखमेतून जंतूचे तुकडे तिथे आणतात आणि टी-पेशींना दाखवितात. टी-पेशींमध्ये दोन मोठे गट आहेत. मारक टी-पेशी रोगट पेशींना ठार करतात. मदतनीस टी-पेशी सहसा स्वतः मारत नाहीत. त्या तुकडा ओळखतात आणि गावभर दवंडी पिटतात. त्यांच्या इशाऱ्याने पहारेकरी पेशी सज्ज होतात, मारक पेशींची संख्या वाढते आणि त्यांना शत्रूची आठवणही टिकून राहते. इंटरफेरॉन गॅमा नावाचे रसायन सोडून मदतनीस पेशी इतर भक्षक पेशींनाही जागे करतात. हा इशारा मिळाला नाही, तर मारक पेशी बहुधा लवकर थकतात.

कर्करोगाची गाठ ही फितूर झालेल्या आपल्याच पेशींची. ती आरडाओरडा करीत नाही, त्यामुळे दवंडी पिटलीच जात नाही. मेलेल्या जंतूंनी पहारेकऱ्यांना खडबडून जागे केले आणि त्या गडबडीत गाठीचे तुकडेही मदतनीस पेशींच्या नजरेस पडले असावेत, असे आज मानले जाते. मूत्राशयात बीसीजी घातल्यावरही असेच काहीसे घडते. उंदरांवरील प्रयोगांत मदतनीस पेशी काढून टाकल्या तेव्हा बीसीजीचा गुण येईना. (पालकांना एक विनंती: ताप आला की कर्करोग बरा होतो, असा अर्थ यातून काढू नये. रुग्णाला योग्य उपचारांपासून दूर नेणारे सल्ले आजूबाजूला पुष्कळ आहेत.)

मदतनीस पेशी नसल्या तर काय होते, हे जगाने १९८१ मध्ये पाहिले. अमेरिकेत तरुणांमध्ये कापोसी सार्कोमा हा एरवी क्वचित दिसणारा कर्करोग आढळू लागला. त्यामागे एड्स होता. त्याचा विषाणू याच मदतनीस पेशींचा नाश करतो. मात्र याच कुळातल्या काही पेशी उलट काम करतात. त्या प्रतिकाराला लगाम घालतात, आणि गाठ त्यांच्या आडोशाला वाढू शकते. अशा पेशींच्या शोधाबद्दल २०२५ चे नोबेल पारितोषिक तिघांना मिळाले.

कोली यांची कन्या हेलन कोली नॉट्स डॉक्टर नव्हत्या. वडिलांचे कागद चाळताना त्यांना रुग्णांच्या विखुरलेल्या नोंदी सापडल्या. त्या त्यांनी वर्षानुवर्षे जुळविल्या आणि १९५३ मध्ये न्यूयॉर्कला कर्करोग संशोधन संस्था स्थापन करण्यात पुढाकार घेतला. तरीही १९६५ मध्ये वडिलांचे औषध अमेरिकन कॅन्सर सोसायटीच्या असिद्ध उपचारांच्या यादीत गेले आणि दहा वर्षांनी त्यातून काढले गेले. हेलन २००१ पर्यंत जगल्या.

आता रुग्णाच्याच टी-पेशी बाहेर काढून, त्यांना कर्करोग ओळखायला शिकवून परत शरीरात सोडतात. मुंबईच्या आयआयटी आणि टाटा मेमोरियल यांच्या प्रयत्नांतून घडलेल्या अशा उपचाराला भारतात २०२३ मध्ये मान्यता मिळाली. अमेरिकेत २०१० मध्ये रक्ताच्या कर्करोगाच्या दोन रुग्णांना असा उपचार दिला होता. दहा वर्षांनंतरही त्यांच्या रक्तात शिकविलेल्या पेशी जिवंत होत्या, असे २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. टिकून राहिलेल्या त्या पेशी बहुतांशी मदतनीस गटातल्या होत्या, आणि इतक्या वर्षांत त्या स्वतःही मारक पेशींसारखे काम करू लागल्या होत्या.